महापेला फूड प्लांट टाकतोय: सगळं एकाच इंजिनियरिंग कंपनीला द्यावं की वेगवेगळे कॉन्ट्रॅक्टर धरावेत?

फळबाजारवाला

नमस्कार मंडळी. आमचा तुर्भ्याच्या एपीएमसीत फळांचा जुना धंदा आहे, वडिलांपासूनचा. आता मी आणि धाकटा भाऊ मिळून महापे एमआयडीसीत एक जुनी शेड घेतलीय, आधी तिथे केमिकलवाले होते. प्लॅन असा की एप्रिल ते जून हापूस आणि इतर आंब्याचा पल्प, ३.१ किलोच्या डब्यात, आणि बाकीचे महिने मशिनरी बसून राहू नये म्हणून आलं-लसूण पेस्ट, टोमॅटो ग्रेव्ही, पुढे जमलं तर पाऊचमधले दाल मखनी, पनीर वगैरे रेडी टू ईट.

आता मुद्दा. एका कंपनीने सांगितलं की आम्ही इंटिग्रेटेड इंजिनियरिंग करतो, म्हणजे प्रोसेस, सिव्हिल, एसी, बॉयलर, इलेक्ट्रिकल, ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया) सगळं एका छताखाली डिझाईन करून देतो, त्याची फी ऐकून वडील म्हणाले एवढ्यात अजून एक गाळा येईल. दुसरीकडे मशीन विकणारा म्हणतो लेआउट आम्ही फुकट काढून देतो, तुम्ही फक्त सिव्हिलवाला आणि वायरमन बघा. मी बी.कॉम. माणूस, मला यातलं काही कळत नाही. कोणी यातून गेलंय का?

वाफेचा माणूस

फुकट लेआउटमध्ये मशीनवाल्याची मशीन बसते, तुमचा प्लांट बसत नाही. त्याच्या ड्रॉइंगमध्ये पल्पर, फिनिशर (गर काढणारी-गाळणारी मशीन), केटल (शिजवायची कढई), सीमर (डबे सील करणारं मशीन) एका रेषेत छान दिसतील, पण साल आणि कोयी कुठल्या दाराने बाहेर जाणार, वाफेची लाईन कुठून येणार, फरशीचं पाणी कुठे जाणार, माणसं कपडे बदलून कुठून आत शिरणार, यातलं काहीही नसतं आणि तो ते खोटं बोलून लपवत नसतो, ते त्याचं कामच नाही. मी आयुष्यभर डेअरी आणि ज्यूसचे प्रोजेक्ट केले, आता निवृत्त होऊन ऐरोलीत बसलोय. सगळ्यात जास्त पैसा कुठे जळताना पाहिला तर एका कॉन्ट्रॅक्टरचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं त्या सांध्यावर.

गंमत अशी की सिव्हिलवाल्याला माहिती सगळ्यात आधी लागते आणि मशीनवाला ती सगळ्यात शेवटी देतो. जोता आणि गटारं ओतून होतात, मग कळतं की मशीनचा ड्रेन दोन मीटर पलीकडे आहे. मग ब्रेकर चालतो. आधी कळस मग पाया, शब्दशः.

रोखठोक

मी वागळे इस्टेटला फरसाणचं युनिट चालवतो आणि मी कुठल्याही मोठ्या कंपनीला एक रुपया फी दिलेली नाही. सिव्हिलवाला ओळखीचा, वायरमन ओळखीचा, फ्रायर राजकोटवरून, पॅकिंग मशीन फरीदाबादवरून. चालतंय सगळं. या इंटिग्रेटेडवाल्यांचं गौडबंगाल असं आहे की एकदा मान त्यांच्या हातात दिली की प्रत्येक नटबोल्ट त्यांच्याच माणसाकडून घ्यावा लागतो, वर कमिशन. फळबाजारवाले, वडिलांचं ऐका.

खाडीवारा

रोखठोकदादा, फरसाण कोरडं असतं हो. तिथे पाणी कमी, वाफ नाही, धुणं कमी. इथे ओलं काम आहे आणि तेही आपल्या नवी मुंबईच्या हवेत.

मी एचव्हीएसीवाला (एसी आणि हवा खेळवण्याचं काम) आहे म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. जुलैत ३० डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो, येतो साधारण २७ डिग्रीला. म्हणजे २७ च्या खाली असलेली कुठलीही उघडी वस्तू, चिल्ड वॉटरची पाईप, एसी खोलीच्या पलीकडची भिंत, कोल्ड रूमचं दार, सगळ्याला घाम फुटणार. तो थेंब जर उघड्या केटलवर किंवा डब्यांच्या लाईनवर पडला तर झालं. हे इन्सुलेशनच्या जाडीचं प्रकरण दिसतं पण खरं ते लेआउटचं आहे, म्हणजे थंड खोली कुठल्या गरम खोलीला चिकटून ठेवली आणि पाईप कोणाच्या डोक्यावरून नेली ते.

दुसरं, शिजवण्याच्या हॉलमध्ये केटलवर हूड लागणार, हूडचा पंखा दाबून हवा बाहेर फेकणार. ती हवा येणार कुठून? हूडवाल्याने हूड दिला, एसीवाल्याने पॅकिंग रूमचा एसी दिला, दोघांचं काम आपापल्या जागी बरोबर आणि ताजी हवा आत घालायचं मशीन कोणाच्याच स्कोपमध्ये नाही. मग हूड पॅकिंग रूममधलीच थंड स्वच्छ हवा ओढतो, पॅकिंग रूम निगेटिव्ह होते, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा कमी, आणि तिला मागच्या दारातून, जिथे क्रेट धुतात तिथून, हवा यायला लागते. कुठल्याही प्लांटमध्ये गेलात की आधी पट्ट्यांचा प्लास्टिक पडदा कुठल्या बाजूला झुकलाय ते बघा. स्वच्छ खोलीतून बाहेर झुकलेला असेल तर ठीक, आत झुकलेला असेल तर बाकीची टाइल्स-बिइल्स बघायची गरज नाही.

आणि तुमची शेड महापेला आहे, शेजारी कोण आहे ते आधी बघा. केमिकलवाला असेल तर ताज्या हवेचं तोंड त्याच्या बाजूला ठेवू नका. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, हिवाळ्यात सकाळी उलटा. स्वतःच्या बॉयलरची चिमणी आणि ईटीपी पण यात धरा.

फळबाजारवाला

बापरे. बरं विचारलंत, शेजारी एका बाजूला रंगाचं काहीतरी आहे आणि दुसऱ्या बाजूला गोडाऊन. शेड साधारण २४ बाय ४० मीटर, मधे खांबांची एक रांग, आत जुनी कोबा फरशी, गटारं नाहीतच, छत पत्र्याचं. लसूण पेस्ट आणि आंबा एकाच लाईनवर करायचा विचार होता कारण पल्पर सोडला तर टाक्या पंप तेच, असं मशीनवाला म्हणाला.

लॅबकोट

दादा, लसूण आणि हापूस एका लाईनवर?? 😅

मी क्यूएमध्ये (क्वालिटी तपासणीत) आहे, याच पट्ट्यात. रबरी गॅस्केट वास धरून ठेवतात, ईपीडीएमचं (एक प्रकारचं रबर) गॅस्केट लसणाच्या पेस्टमध्ये काही महिने बसलं की कॉस्टिक मारा, अ‍ॅसिड मारा, पहिल्या आंब्याच्या बॅचला तो हलकासा झणका येतोच, आणि हापूसवाला गिऱ्हाईक तेवढ्यावर अख्खा लॉट परत पाठवतो. कमीत कमी गॅस्केटचे वेगळे सेट आणि शक्य असेल तर लसणाची टाकी-पंप-फिलर वेगळंच ठेवा. आणि नुसती पाईप वेगळी करून भागत नाही, दोन्ही खोल्यांना एकच एएचयू (थंड हवा फिरवणारं युनिट) असेल आणि परतीची हवा एकत्र होत असेल तर वास डक्टमधून जातो. खाडीवारा सांगतीलच. म्हणजे बघा, एक चवीचा प्रश्न, उत्तर देणारे तीन जण, क्यूए, पायपिंग आणि एसी.

त्याहून मोठी गोष्ट. आंब्याचा पल्प आंबट असतो, पीएच ४.६ च्या बराच खाली, त्याला ९० च्या आसपास तापवून गरमागरम भरून सील केलं की काम होतं. दाल मखनी आणि पनीर म्हणजे पीएच ४.६ च्या वर, तिथे बोट्युलिनम या विषारी जंतूचा धोका, म्हणजे रिटॉर्ट (मोठा प्रेशर कुकरच समजा), १२१ डिग्री, दाबाखाली, आणि प्रत्येक प्रॉडक्टचं थर्मल व्हॅलिडेशन, म्हणजे उष्णता आतपर्यंत पुरेशी पोचते याची चाचणी. टोमॅटो ग्रेव्ही वरवर आंबट वाटते पण त्यात क्रीम, काजू गेले की पीएच वर सरकतो, तेव्हा रेसिपी फायनल झाल्याशिवाय मशीन ठरवू नका. "पुढे जमलं तर" असं लिहिलंत ना, ते पुढचं आत्ताच कागदावर मांडा. रिटॉर्टला वेगळी जागा लागते, वाफ झटक्यात लागते, थंड करायला क्लोरीन घातलेलं पाणी लागतं, आणि कच्चे पाऊच आणि शिजलेले पाऊच चुकूनही एकमेकांत मिसळता येणार नाहीत अशी रचना लागते. पुढे म्हणून सोडलं तर पुढे भिंत पाडावी लागेल.

एक पैसे वाचवायचं पण सांगते. मसाल्यांचा जंतूभार कमी करायला कोणी तुम्हाला स्टीम स्टेरिलायझर विकायला आला तर थांबा. वाशीला ब्रिटचा (अणुऊर्जा खात्याची संस्था) विकिरण प्रकल्प २००० सालापासून मसाल्यांसाठी चालू आहे, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मसाला तिथून करून आणता येतो. मशीन वाचलं, जागा वाचली, वाफ वाचली.

सिमेंट आणि मी

सिव्हिलवाल्यांना सगळे शिव्या देतात म्हणून आमची बाजू. आम्हाला कोणी काही सांगतच नाही! मालक म्हणतो "गटार ठेवा मधून". कुठे, किती खोल, किती गरम पाणी येणार, काही नाही.

ओल्या हॉलला उतार लागतो मीटरला एक सेंटीमीटर धरा. तुमची शेड २४ मीटर रुंद, गटार एकाच कडेला टाकलं तर एका टोकाला फरशी २४ सेंटीमीटर वर जाईल. म्हणून गटारं खांबांच्या रांगेनुसार दोन-तीन ठिकाणी तोडावी लागतात, आणि ती मशीनच्या खाली नाही तर मशीनच्या बाजूला, म्हणजे झाडता-धुता येतील. गटारातलं पाणी नेहमी पॅकिंगकडून कच्च्या मालाकडे वाहायला हवं, उलटं नाही. आणि वरच्या मजल्यावर ओलं काम ठेवणार असाल तर उताराच्या कोब्याचंच वजन काढा, सरासरी ६ सेंटीमीटर जाडी म्हटली तरी स्क्वेअर मीटरला १४० किलो, टाकी भरायच्या आधीच. ५००० लिटरची टाकी तीन पायांवर उभी केली तर एकेका पायावर पावणेदोन टनाच्या आसपास येतात. हे स्लॅब टाकल्यावर सांगू नका प्लीज.

फरशीला इपॉक्सी लावू नका, स्वस्त वाटतं, चकाचक दिसतं, आणि गरम कॉस्टिक सांडलं की पोपडे निघतात. पीयू (पॉलीयुरेथेन) काँक्रीट घ्या, ६ ते ९ मिलीमीटर. भिंत आणि फरशीचा कोपरा गोल.

पत्र्याच्या छताबद्दल: खाली पफ (फोम भरलेल्या) पॅनलचं चालता येईल असं सीलिंग करणार असाल, वर डक्ट आणि केबल ट्रे टांगणार असाल, तर जुन्या ट्रसला ते झेपतं का हे स्ट्रक्चरलवाल्याकडून लेखी घ्या. पत्र्याची शेड उभी करणारा जेवढं वजन सांगितलं तेवढ्यालाच डिझाईन करतो, त्यात तुमचं एएचयू नव्हतं.

रोखठोक

हे सगळं वाचून मी फरसाणातच बरा. पण माझा प्रश्न तसाच आहे, या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या चांगल्या माणसांनी सांगितल्या की नाही? फुकट? मग एका कंपनीला एवढे पैसे कशाला?

सांडपाणीवाले

कारण रोखठोकभाऊ, आम्ही सगळे इथे बोलतोय, साइटवर कोणी कोणाशी बोलत नाही.

ईटीपीचं उदाहरण घ्या. ईटीपी कायम शेवटी आठवतो, उरलेल्या कोपऱ्यात, उरलेल्या पैशात. आणि त्याचा आकार ठरतो सगळ्यांच्या निर्णयावर. क्रेट किती पाण्यात धुणार, सीआयपी (मशीन-पाईप न खोलता आतून धुणं) कितीदा, साल-कोय पाण्याने ढकलून नेणार की बेल्टने कोरडी नेणार. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आंब्याची साल आणि गर पाण्यात विरघळला की बीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) आभाळाला, तोच माल कोरडा उचलला तर माझी टाकी कितीतरी लहान होते. म्हणजे प्रोसेसवाल्याने एक बेल्ट कन्व्हेयर वाचवला की मला एरेशन टँक (हवा सोडायची टाकी), ब्लोअर, वीज सगळं वाढवावं लागतं, आणि दोन्ही बिलं एकच मालक भरतो पण वेगवेगळ्या फाइलमध्ये, त्यामुळे त्याला ते दिसत नाही.

शिवाय तुमचं सीझनल आहे. दोन-अडीच महिने धो धो लोड आणि मग एकदम थोडा, त्यातही लसूण. ईटीपीमधल्या जंतूंना पण जेवायला लागतं हो. इक्वलायझेशन टँक (सगळं सांडपाणी आधी एकत्र साठवायची टाकी) मोठा घ्या, त्यात कॉस्टिकचं धुणं आणि अ‍ॅसिडचं धुणं एकमेकांना मारतात, केमिकल वाचतं. एरेशन दोन भागात करा म्हणजे ऑफ-सीझनला एक बंद ठेवता येईल. आणि एमपीसीबीची (प्रदूषण नियंत्रण मंडळाची) कन्सेंट टू एस्टॅब्लिश, म्हणजे उभारणीची परवानगी, बांधकामाच्या आधी लागते, त्या अर्जात पाण्याचा हिशोब लिहावा लागतो, तेव्हा तो आकडा हवेतून आणू नका, पुढे प्लांट चालवायच्या परवानगीच्या (कन्सेंट टू ऑपरेट) वेळी तोच आकडा तुमच्यापुढे ठेवतात.

सालींचा ट्रक मागच्या गेटने, आंब्याचा पुढच्या. अर्ध्या दिवसात माश्या येतात.

वाफेचा माणूस

सांडपाणीवाले लाख बोललात. आता वाफेचं, माझा आवडता विषय, जरा सहन करा.

बॉयलरवाला विचारतो "किती टनाचा हवा?" आणि मालक म्हणतो "एक टन पुरेल ना?" हे असं ठरत नाही. ताशी २ टन पल्प ३० वरून ९२ डिग्रीला न्यायचा तर अंदाजे २२० किलो वाफ. ५०० लिटरची केटल अर्ध्या तासात ९५ ला न्यायची तर तेवढा वेळ ताशी १२० किलोचा दर, चार केटल एकदम चालू केल्या की ४८०. सीआयपीची १००० लिटरची टाकी अर्ध्या तासात ८० ला न्यायची तर आणखी ताशी २०० चा दर. झाले ९००. आणि सकाळी नऊ वाजता सगळे एकदमच चालू करतात, कोणी थांबत नाही. त्यात एक टनाचा बॉयलर म्हणजे १०० डिग्रीच्या पाण्यापासून ताशी एक टन वाफ, ३० डिग्रीचं पाणी घातलं तर प्रत्यक्षात ८५० किलोच्या आसपासच मिळतात. म्हणजे कागदावर पुरतंय आणि प्रत्यक्षात प्रेशर पडतंय. आणि यात रिटॉर्ट धरलेलाच नाही.

आता यावर उपाय दोन. एक, मोठा बॉयलर घ्या. दुसरा, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) परत आणा, फीडचं (बॉयलरला द्यायचं) पाणी ८० ला आलं की तोच बॉयलर सव्वानऊशेपर्यंत जातो, शिवाय फीडवॉटर दर ६ डिग्री वाढलं की इंधन साधारण एक टक्का वाचतं, आणि सीआयपीची टाकी केटलच्या आधी तासभर तापवून ठेवायची असं वेळापत्रक ऑटोमेशनमध्येच बसवा. पण कंडेन्सेट परत आणायची तर बॉयलर हाऊस प्रोसेसपासून फार लांब नको आणि लाईनला उतार हवा, म्हणजे परत लेआउट! बघा फिरून फिरून तिथेच येतो.

सीआयपीचं पण तसंच. पाईप आतून धुवायला पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने पळावं लागतं. २ इंची पाईपला त्यासाठी ताशी १० घनमीटर पुरतात, ३ इंचीला २२ लागतात. पल्प घट्ट म्हणून प्रोसेसवाल्याने शेवटी ३ इंची लाईन केली आणि सीआयपीवाल्याने आधीच १२ चा पंप पाठवला, तर लाईन कधीच धुतली जाणार नाही आणि लॅबकोटताई स्वॅब घेत बसतील.

लॅबकोट

बसतोच आम्ही. 🙄 आणि टीच्या फांदीला व्हॉल्व्ह लांब लावतात ते पण लिहा, फांदीची लांबी पाईपच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त झाली की आत माल सडतो. वेल्डरला कोणी सांगितलेलंच नसतं.

पीएलसीवाला पंत

छोटी भर. प्रत्येक मशीन आपापला पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) घेऊन येतं, एकाचा प्रोटोकॉल (बोलायची भाषा) दुसऱ्याला कळत नाही. फिलर थांबला हे पाश्चरायझरला कळायला हवं, नाहीतर तो माल फिरवत राहतो आणि हापूसचा रंग काळपट. ऑर्डर देतानाच लिहा की कोणता प्रोटोकॉल आणि कोणते सिग्नल कोण देणार. नंतर सांगितलं की दोन्ही कंपन्यांचे इंजिनियर येऊन एकमेकांकडे बोट दाखवतात, येण्याजाण्याचा खर्च तुमचा.

फळबाजारवाला

सगळ्यांचे आभार, रात्री भावाला वाचून दाखवलं, तो म्हणाला गाळाच घेऊया. 😀 नाही, गंमत. पण रोखठोकदादांचा प्रश्न माझाही आहे, एवढी मोठी फी एका जागी अडकवायची का? आणि त्यांनीच मशीन पण द्यायची म्हटलं तर ते स्वतःचंच मशीन गळ्यात मारणार नाहीत कशावरून?

वाफेचा माणूस

मारतील. म्हणून डिझाईन आणि सप्लाय वेगळं करा. टर्नकी ऑर्डर (डिझाईनपासून चालू प्लांटपर्यंत सगळं एकालाच) देऊच नका सुरुवातीला. आधी फक्त बेसिक इंजिनियरिंगची ऑर्डर द्या, तेवढ्याचेच पैसे. त्यात मागा: रोजचा कच्चा माल किती, पल्प किती, साल किती, पाणी किती असा पूर्ण वस्तुमानाचा हिशोब, वाफ, वीज, हवा, थंडावा यांचा तासातासाचा लोड, सरासरी नको, लेआउट, ज्यात माल, माणूस, कचरा आणि हवा चारही वेगवेगळ्या रंगाच्या बाणांनी दाखवलेत, पी अँड आयडी (पाईप, व्हॉल्व्ह, मीटर सगळं दाखवणारं ड्रॉइंग), आणि एक तक्ता, प्रत्येक सांध्यावर कोण कुठपर्यंत देणार. वाफेची लाईन मशीनपासून एक मीटरवर सोडणार की फ्लँजला जोडून देणार, व्हॉल्व्ह कोणाचा, ट्रॅप (लाईनमधलं पाणी काढणारा) कोणाचा, केबल कोणाची, ड्रेन कोणाचा. हा तक्ता ज्यांना बनवता येत नाही ते इंटिग्रेटेड नाहीत, नुसते बिल एकत्र करणारे आहेत.

मग हा संच घेऊन खुशाल वेगवेगळ्या कॉन्ट्रॅक्टरकडून भाव मागवा, रोखठोक यांचा ओळखीचा सिव्हिलवाला पण चालेल. फक्त डिझाईनवाल्यांचा एक माणूस साइट संपेपर्यंत ठेवा.

रोखठोक

हे पटलं बुवा. कागदाचे पैसे द्या, नटबोल्टचे भाव स्वतः करा. एवढं असेल तर मी विरोध मागे घेतो. पण फी हप्त्यात द्या, ड्रॉइंग हातात आल्यावर, आणि ड्रॉइंग ऑटोकॅडच्या फाइलमध्ये मागा, नुसत्या पीडीएफ देतात आणि नंतर बदलायचे परत पैसे घेतात.

खाडीवारा

आणि थ्रीडी मॉडेल मागा. डक्ट, केबल ट्रे आणि वाफेची पाईप तिघांना खांबाच्या शेजारची तीच जागा हवी असते. कॉम्प्युटरवर आपटले तर फुकट आहे, साइटवर आपटले तर जो शेवटी येतो तो वाकवतो, आणि शेवटी कायम एसीवाला येतो.

सांडपाणीवाले

शेवटी ईटीपीवाला येतो.

फळबाजारवाला

ठरलं. बेसिक इंजिनियरिंगचेच कोटेशन मागवतो दोन-तीन ठिकाणांहून, मशीनवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा थांबवलाय. लसूण वेगळ्या खोलीत, वेगळ्या टाक्या. रिटॉर्टची जागा आत्ताच सोडून ठेवतो. आता एकच अडचण, जुन्या शेडचं एकही ड्रॉइंग मिळत नाहीये, आधीच्या मालकाकडे नाही. बाहेरच्या गटाराची खोली पण माहीत नाही.

सिमेंट आणि मी

मग लेव्हल सर्व्हे (जागेच्या उंचसखलपणाची मोजणी) आधी, बाकी सगळं नंतर. बाहेरचं गटार वर असेल तर आतली फरशीच उचलावी लागेल आणि मग डोक्यावरची उंची कमी पडेल, मग खाडीवारांचं डक्ट बसणार नाही. खांबांच्या पायाशी एक-दोन ठिकाणी खोदून फुटिंग (खांबाचा पाया) पण बघून घ्या. केमिकलवाले होते म्हणता तर माती आणि जुना कोबा पण तपासायला द्या, आत काय मुरलंय सांगता येत नाही. मी रबाळेला असतो, व्यनि करा, ऑटो लेव्हल घेऊन येतो. पाऊस सुरू व्हायच्या आत करू, नंतर गटार भरलं की तळ दिसत नाही.

फळबाजारवाला

व्यनि केलाय. येताना जेवूनच जा, पेटी पण तयार ठेवतो.

रोखठोक

सर्व्हे कोणीही करू शकतो, मी पण येतो. 😋